बँड कुणी वाजवायचा?

आपल्या कॉलेजात वर्षातून निदान दहा वेळा तरी कुणाचा ना कुणाचा 'बँड वाजतो'. सबमिशनच्या आदल्या रात्री वाजतो, एम-थ्रीच्या पेपरला वाजतो, व्हायव्हात एक्स्टर्नल सरांनी पहिलाच प्रश्न विचारला की हमखास वाजतो. भाषेची गंमत बघा. ज्याच्याशिवाय आपल्याकडे नवरदेव मारुतीच्या पारावरून हलत नाही, त्याच बँडचं नाव आपण फजितीला देऊन टाकलंय!

मी धुळ्याचा, शिकायला जळगावात. दोन्हीकडे लग्नसराई म्हणजे काय असते ते मला सांगायची गरज नाही. लहानपणी गल्लीच्या तोंडाशी ढोलाचा पहिला ठोका पडला की "बँड उना रे भो!" अशी आरोळी उठायची आणि आम्ही ताटावरून उठून पळायचो. आता ढोलाच्या आधी खिडकीची तावदानं थरथरतात. मग कळतं, की बँड नव्हे, डीजे येतोय.

हे का झालं, याचा मी मेकॅनिकलच्या डोक्याने जरा विचार केला. त्यासाठी आधी बँड आला कुठून आणि तो चालतो कसा, हे बघावं लागलं. जे सापडलं ते आपल्या मासिकाच्या वाचकांपुढे ठेवतो. आणि शेवटी एक प्रश्न, जो मथळ्यात आहेच.

पलटणीतून मांडवात

बँड आपल्याकडे आला तो फौजेबरोबर. इंग्रजांच्या प्रत्येक पलटणीत वाजवणारे लोक असत. कूच करताना पावलं एका तालात पडावीत, लढाईच्या गोंधळात हुकूम दूरवर पोचावा, आणि संध्याकाळी साहेबांच्या जेवणाला संगीत असावं, अशी त्यांची तिहेरी कामं. १८५७ साली इंग्लंडमध्ये नेलर हॉल इथे लष्करी संगीताची खास शाळा निघाली. म्हणजे हे काम सरकारने किती गंभीरपणे घेतलं होतं ते लक्षात येईल.

खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेला १८१८ साली. कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं केलं. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. कवायत, गणवेश आणि बिगुलावर चालणारा दिवस ही शिस्त अशा पलटणींतून आणि छावण्यांतून देशभर सामान्य माणसाच्या नजरेला पडली. पुढे १८६० च्या दशकात रेल्वे आली, भुसावळ जंक्शन झालं आणि मुंबईकडची नवी हवा आपल्याकडे यायला वेळ लागेनासा झाला.

साहेबाचं बघून संस्थानिकांनीही आपापले बँड ठेवले. त्यांना शिकवायला कधी युरोपियन बँडमास्तर असत, तर पुष्कळदा गोव्याचे. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवत, त्यामुळे गोवेकर वादकांना पलटणी, पोलीस बँड आणि पुढे सिनेमा, सगळीकडे मागणी होती. एक उदाहरण तर आपण इंजिनिअर लोकांनी लक्षात ठेवावं असं आहे. मध्य भारतातल्या मैहर संस्थानात उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी १९१८ च्या सुमारास साथीत पोरकी झालेली मुलं गोळा करून वाद्यवृंद उभा केला. त्यात बंदुकीच्या नळ्या कापून केलेलं 'नलतरंग' नावाचं वाद्य होतं. बंदुकीचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

एकोणिसावं शतक संपता संपता पलटणीतून सुटलेल्या वादकांनी आणि त्यांच्याकडून शिकलेल्यांनी शहरोशहरी खासगी बँड काढले. मेरठला नादिर अली या फौजी बँडवाल्याने १८८५ साली सुरू केलेली पेढी पुढे वाद्यं बनवू लागली. आज देशातल्या बँडवाल्यांची वाद्यांची सगळ्यात मोठी पेठ मेरठलाच आहे. पुण्याच्या प्रभात बँडची स्थापना १९३८ सालची, बंडोपंत सोलापूरकरांनी केलेली. पुण्याच्या गणपतीच्या मिरवणुकीचं आणि त्याचं नातं आजही टिकून आहे.

पण बँड मांडवात शिरला तेव्हा मांडव काही मुका नव्हता. सनई-चौघडा होता, हलगी, डफ, संबळ होते, सातपुड्यात पावरी आणि ढोल होते. बँडने यांच्याच जागा घेतल्या. सनईच्या जागी क्लॅरोनेट आलं, ताशाच्या जागी साइड ड्रम आला आणि ढोलाच्या जागी बास ड्रम, त्यालाही आपण पुन्हा ढोलच म्हणू लागलो. वाद्यं परदेशी, पण काम जुनंच.

आणि वाजवणारी माणसंही बरीचशी जुनीच राहिली. पिढ्यान्पिढ्या वाजंत्रीचं काम ज्यांच्याकडे होतं ते मातंग समाजासारखे समाज आणि मुस्लीम वादक यांच्या हातात हा धंदा मोठ्या प्रमाणावर राहिला. बँडमध्ये अंगावर लाल कोट आला, खांद्यावर सोनेरी झुली आल्या, डोक्यावर तुरा आला. हा सगळा पोशाख पलटणीचा. पोशाख साहेबाचा मिळाला, मान मात्र जुन्या वाजंत्र्याचाच राहिला. पंगतीच्या शेवटी, बाजूला बसवून जेवायला वाढायचं, ही रीत कोट बदलल्याने बदलली नाही. हा मुद्दा मी इथेच सोडत नाही, पुढे त्याची गरज लागणार आहे.

पितळेचं इंजिनिअरिंग

आता आपल्या शाखेचा विषय. ट्रम्पेट बनतं पितळेचं. साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. हे प्रमाण वाचून मेटलर्जीवाल्यांना काहीतरी आठवायला हवं. याच ७०:३० पितळेला 'कार्ट्रिज ब्रास' म्हणतात, कारण बंदुकीच्या काडतुसाचं कवच याचंच करतात. आपल्या भुसावळ तालुक्यात वरणगावला १९६४ पासून लहान शस्त्रांच्या दारूगोळ्याचा कारखाना आहे. म्हणजे वरातीतलं ट्रम्पेट आणि वरणगावचं काडतूस हे धातूच्या नात्याने सख्खे भाऊ. दोन्हीकडे कारण एकच, हे पितळ न फाटता खोल ओढता येतं, पातळ करता येतं, वाकवता येतं.

नळी वाजते कशी? वाजवणारा ओठ मिटून त्यातून हवा सोडतो, ओठ थरथरतात आणि नळीतली हवा त्या थरथरीला आपल्या मापाच्या कंपनांत बांधून घेते. साध्या ट्रम्पेटची नळी उलगडली तर सुमारे दीड मीटर भरते. एका लांबीच्या नळीतून कुठलाही स्वर निघत नाही, फक्त ठराविक पटीतले स्वर निघतात. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, प, वरचा सा, वरचा ग, वरचा प असे. बिगुलाला एकच नळी आणि बटणं नाहीत, म्हणून बिगुलावर एवढेच स्वर वाजतात. एन.सी.सी.वाल्यांनी कान देऊन ऐकावं, त्यांच्या सगळ्या बिगुलांच्या चाली याच चार-पाच स्वरांत फिरतात.

मधले स्वर हवे असतील तर नळीची लांबी बदलायला हवी. यावर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत व्हॉल्व्हचा शोध लागला, आणि १८३९ च्या सुमारास पॅरिसमध्ये पेरिने याने आजच्यासारखा दट्ट्याचा व्हॉल्व्ह केला. ट्रम्पेटवर तीन दट्टे असतात. मधला दाबला की थोडी जास्तीची नळी जोडली जाऊन स्वर अर्ध्या पायरीने उतरतो, पहिल्याने दोन अर्ध्या पायऱ्या, तिसऱ्याने तीन. तीन दट्टे म्हणजे तीन बिट. एकूण जोड्या आठ. पण पहिला आणि मधला मिळूनही तीनच पायऱ्या होतात, म्हणजे एकटा तिसरा दाबण्याइतकंच. म्हणून वेगळ्या जागा उरतात सात. कॉम्प्युटरवाल्यांनो, तुमच्या आधी शे-सव्वाशे वर्षं हा बायनरी खेळ बँडवाले बोटांनी खेळत होते.

यात एक गोम आहे. प्रत्येक अर्ध्या पायरीला नळी सुमारे ६ टक्के लांब व्हावी लागते, आणि हे टक्के गुणाकाराने वाढतात. जोडनळ्यांची लांबी मात्र नुसती बेरजेने वाढते. तिन्ही दट्टे दाबले तर नळी मूळच्या १.४१ पट व्हायला हवी, प्रत्यक्षात होते १.३७ पट. म्हणजे स्वर चढा लागतो. तो चढेपणा वाजवणाऱ्याने ओठ सैल सोडून किंवा तिसऱ्या दट्ट्याची सरकनळी ओढून दुरुस्त करायचा असतो, तोही चालता चालता, अंगावर उडणारा गुलाल चुकवत!

शिवाय आपला खान्देशचा उन्हाळा. तापमान वाढलं की आवाजाचा वेग वाढतो आणि फुंकवाद्याचा स्वर चढतो. पौषातल्या १२ अंशांच्या पहाटेपासून वैशाखातल्या ४५ अंशांच्या दुपारपर्यंत हिशेब केला तर आवाजाच्या वेगात जवळजवळ ६ टक्के फरक पडतो, म्हणजे जवळपास एक पूर्ण अर्धी पायरी. प्रत्यक्षात वाजवणाऱ्याच्या श्वासाने नळीतली हवा आधीच कोमट असते, त्यामुळे फरक यापेक्षा कमी पडतो. पण कीबोर्डचा स्वर उन्हाने रेसभरही हलत नाही. म्हणून भर दुपारच्या लग्नात ट्रम्पेट आणि कीबोर्ड भांडल्यासारखे वाटले, तर वाजवणाऱ्याला नावं ठेवण्याआधी थर्मामीटर बघा.

आणि आपली काळी माती. दट्टा आणि त्याच्या नळकांड्यात मिलिमीटरच्या काही शतांश एवढीच फट असते. मिरवणुकीची धूळ त्यात गेली की दट्टा अडकतो. ऐन रंगात बँडवाला दट्टा उघडून रुमालाने पुसताना दिसला, तर तो वेळ काढत नाहीये, मेंटेनन्स करतोय.

नागिन आणि कॅसिओ

बँड काय वाजवतो? सिनेमा. पण हे नातं एकतर्फी नाही. हिंदी सिनेमाच्या संगीतातच ट्रम्पेट, क्लॅरोनेट, सॅक्सोफोन भरलेले होते, आणि ते वाजवणारे बहुतेक गोवेकर. पुणतांब्याला जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी 'अलबेला' (१९५१) मध्ये चिक चॉकलेट या गोव्याच्या ट्रम्पेटवाल्याला साथीला घेतलं होतं. बँडच्या वाद्यांवरचं गाणं सिनेमातून फिरून परत बँडकडेच यायचं.

सगळ्यात मोठी गंमत 'नागिन'ची. १९५४ साली आलेल्या या सिनेमातली पुंगीची धून वाजल्याशिवाय आजही वरात पुरी होत नाही. कुणीतरी रुमाल तोंडात धरून रस्त्यावर लोळतोच. पण ती धून खऱ्या पुंगीवरची नाही. हेमंतकुमारांच्या संगीतात ती वाजवली होती कल्याणजींनी, क्लॅव्हिओलिन नावाच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर. म्हणजे बँडची सर्वात लाडकी चाल मुळात विजेवरची. बँडवाल्यांनी ती क्लॅरोनेटवर उतरवली, कारण क्लॅरोनेटची भोकं बोट सरकवत उघडता येतात आणि स्वर घसरवता येतो. आपल्याला मींड लागते, ती ट्रम्पेटच्या दट्ट्यांवर सहज निघत नाही, क्लॅरोनेटवर निघते.

हे सांगायचं कारण असं, की "बँडमध्ये कॅसिओ घुसला आणि बँड बिघडला" असं म्हणणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत नाही. बँड कधीच 'शुद्ध' नव्हता. तो सनईकडून शिकला, सिनेमाकडून शिकला, विजेकडूनही शिकला. आपल्या भागात आता बँडच्या पुढे सजवलेली गाडी असते, तिच्यावर कीबोर्ड, ऑक्टोपॅड, माइकवर गाणारा आणि दोन्ही बाजूंना ट्रम्पेटवाल्यांची रांग. अहिराणी गाणी जोरात असतात. नंदुरबार-नवापूरकडे गुजरातच्या सीमेवर आदिवासी लग्नांत पावरीच्या चाली कीबोर्डवर वाजवणारे बँड रात्र जागवतात. हे सगळं बँडचंच वाढतं रूप आहे. काळजीची गोष्ट वेगळी आहे. गाडीवरचे स्पीकर वाढतात तशी गाडीमागची रांग लहान होते.

वर्षाचं गणित

एका चांगल्या बँडमध्ये बघा किती जण असतात. मास्तर, दोन-तीन क्लॅरोनेट, चार-सहा ट्रम्पेट, युफोनियम, एखादा मोठा बास, साइड ड्रम, ढोल, झांज, खुळखुळा. बास म्हणजे सुझाफोन, अंगाभोवती अजगरासारखा गुंडाळून डोक्यावर कर्णा काढलेला. अमेरिकन बँडमास्तर जॉन फिलिप सूझा याच्या नावाचं हे वाद्य १८९० च्या दशकात निघालं. याखेरीज जनरेटरची गाडी ढकलणारे, आणि डोक्यावर दिव्यांची झाडं घेऊन चालणाऱ्या बाया. त्यांच्याकडे तर कुणी बघतही नाही. एका सुपारीवर वीस-पंचवीस चुली पेटतात.

सुपारी ठरते, विसार मिळतो, उरलेले पैसे वरात संपल्यावर. काम मात्र बारमाही नाही. तुळशीचं लग्न झालं की सराई सुरू होते. आखाजीच्या आसपास तर एका दिवसात दोन-दोन, तीन-तीन लग्नं. आषाढी एकादशीला चातुर्मास बसला की लग्नं बंद. मग श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, आणि सोमवारी तिला निरोप देताना रोटाच्या पंगतीनंतर बँड लागतो. कानबाईपुढे नाचणाऱ्या आपल्या आया-बहिणींना बघितलं की कळतं, बँड फक्त नवरदेवाच्या मित्रांसाठी नाही. पुढे गणपती, नवरात्र. कार्तिकी एकादशीला जळगावचा श्रीरामाचा रथ, तो १८७२ पासून निघतोय. या चार-दोन दिवसांखेरीज पावसाळ्याचे महिने कोरडे. त्या काळात बँडवाला रिक्षा चालवतो, हमाली करतो, शेतात मजुरीला जातो. ट्रम्पेटसाठी ओठ रोज तयार ठेवावे लागतात. दिवसभर पोती उचललेला माणूस रात्री रियाज कधी करणार?

त्यात २०२० आलं. कोरोनाच्या टाळेबंदीत लग्नाला पन्नास माणसं, वराती बंद. २०२१ च्या एप्रिलमध्ये तर महाराष्ट्रात पंचवीस माणसं आणि दोन तास. पाहुण्यांनाच जागा नाही, तिथे बँडला कुठून? सलग दोन वर्षांची ऐन सराई बुडाली.

डीजेपुढे बँड का हरतो?

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. लोक म्हणतात, "डीजेचा आवाज मोठा, म्हणून पोरांना आवडतो." बरोबर. पण बँडने आवाज वाढवायचा ठरवला तर काय होईल? ध्वनीचा हिशेब लॉगॅरिदमचा आहे. वाजवणारे दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. चार ट्रम्पेटचे आठ केले, खर्च दुप्पट झाला, आणि ऐकणाऱ्याला जेमतेम फरक कळला. १० डेसिबल वाढवायचे तर दहापट माणसं लागतात, चारची चाळीस. डीजेवाल्याला मात्र एक बटण फिरवायचं असतं.

म्हणजे आवाजाच्या शर्यतीत बँड हरणार हे वाद्याच्या आणि गणिताच्या नियमानेच ठरलेलं आहे. आणि शर्यत लागली की बँडचा मालक काय करतो? तोही गाडीवर स्पीकर चढवतो आणि माणसं कमी करतो. वीसचे बारा होतात, बाराचे सात.

दुसरा फरक खर्जाचा. डीजेचे मोठे स्पीकर ४० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात हवा ढकलतात. या लाटा कित्येक मीटर लांब असतात, भिंतीने अडत नाहीत, म्हणून तावदानं वाजतात आणि म्हाताऱ्या माणसांच्या छातीत धडधडतं. ट्रम्पेट काही नाजूक नाही. अगदी समोर उभं राहिलात तर १०० डेसिबलच्या आसपास आवाज कानावर येतो, आणि बँडवाल्यांच्या स्वतःच्या कानांना त्याचा धोका असतो. पण त्याची बरीचशी ताकद वरच्या स्वरांत असते. अंतराने आणि भिंतींनी ती लवकर उतरते. गल्ली ओलांडली की बँड गोड वाटायला लागतो, डीजे मात्र गल्ली ओलांडूनही घरातच असतो.

कायदा काय म्हणतो? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये रात्री १० ते सकाळी ६ ची बंदी पक्की केली. २०१८ च्या गणेशोत्सवात मुंबई उच्च न्यायालयाने डीजे-डॉल्बीवरची बंदी उठवायला नकार दिला, तेव्हा अनेक मंडळांना ढोल-ताशे आणि बँड आठवले. पण एक लक्षात घ्या. २०१० च्या दुरुस्तीनंतर रात्रीची बंदी वाद्यांनाही लागू आहे. बँडसुद्धा रात्री दहानंतर रस्त्यावर वाजवता येत नाही. म्हणजे निव्वळ कायद्याच्या जोरावर बँड परत येईल या भ्रमात राहू नये. बंदीमुळे डीजे थांबतो, पण त्यामुळे कुणाला क्लॅरोनेट वाजवता येत नाही. त्याला शिकावं लागतं.

परत आलेले बँड

मग बँड परत येतात तरी कसे? दोन परदेशी उदाहरणं देतो, कारण दोन्हीकडे परिस्थिती आपल्यापेक्षा बरी नव्हती.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सला अंत्ययात्रेत आणि मिरवणुकीत बँड लावण्याची कृष्णवर्णीयांची जुनी चाल. १९६० च्या दशकात वादक म्हातारे झाले आणि नवी पोरं दुसऱ्या संगीताकडे वळली. तेव्हा डॅनी बार्कर या जुन्या जाणत्या वादकाने १९७० च्या सुमारास एका चर्चच्या आश्रयाने वस्तीतल्या मुलांचा बँड काढला. त्यातून तयार झालेल्या पिढीने जुन्या चालींत नवं संगीत मिसळलं. १९७७ साली निघालेला 'डर्टी डझन' बँड त्याच लाटेतला. आज त्या शहराची ओळखच बँड आहे. सुरुवात झाली ती एका जाणत्या माणसाने पोरांना गोळा करून शिकवण्यातून.

दुसरं इंग्लंडचं. तिथे गिरण्यांचे आणि खाणींचे कामगार फावल्या वेळात बँड वाजवत. ग्राइमथॉर्प या कोळशाच्या खाणीचा बँड १९१७ चा. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये खाण बंद होणार अशी घोषणा झाली, आणि त्यानंतर काही दिवसांतच या बँडने राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. १९९३ मध्ये खाण बंद झाली. बँड मात्र चालू राहिला. त्या कामगारांवर बँड कुणी लादला नव्हता. तो त्यांनी हौसेने घेतला होता, आणि गावाला त्याचा अभिमान होता.

आपल्याकडचं उदाहरण तर तुमच्या डोळ्यांसमोर आहे, ढोल-ताशा पथक! एकेकाळी ताशा वाजवणं हेही खालच्या दर्जाचं काम मानत. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी विद्यार्थ्यांची पथकं काढली, आणि आज मुलामुलींची पथकं आपल्या जळगाव-धुळ्यापर्यंत पोचली आहेत. आपल्याच वर्गातले किती जण गणपतीआधी महिनाभर संध्याकाळी सरावाला पळतात! हाताला फोड येतात आणि ते फोड अभिमानाने दाखवतात.

मग बँडचं तसं का झालं नाही? एक कारण उघड आहे. ढोल महिन्याभरात जमतो, क्लॅरोनेटला वर्षं लागतात. पण खरं कारण मला दुसरं वाटतं. ढोल आपण हातात घेतला, बँड मात्र 'त्यांनी' वाजवायचा आणि आपण नाचायचं, ही वाटणी आपण कधी मोडलीच नाही. ज्या कामाला पैसा कमी, मान त्याहून कमी, ते काम बँडवाल्याचा स्वतःचा मुलगा तरी का करेल? तो शिकतोय, आयटीआयला जातोय, आपल्या शेजारच्या बाकावर बसतोय, आणि बापाचा धंदा विचारला की खाली बघतोय. मी हे बघितलंय. त्याने तो धंदा सोडला तर मी त्याला दोष देणार नाही. परंपरा टिकवण्याचं ओझं एकट्या त्याच्या डोक्यावर टाकणं हा उलट अन्याय आहे.

आपल्याला करता येण्यासारखं

नुसतं हळहळण्यात अर्थ नाही. म्हणून चार गोष्टी.

एक, गॅदरिंगला आणि निरोप समारंभाला डीजेऐवजी एक दिवस बँड बोलवूया. मिरवणुकीपुरता नव्हे, तर स्टेजवर, खुर्च्या मांडून, मास्तरांचं नाव पुकारून.

दोन, आपली वर्कशॉप. अडकलेले दट्टे, उसवलेले सांधे, पोचे आलेले कर्णे, मोडलेल्या स्प्रिंगा ही सगळी कामं आपल्या फिटिंग आणि ब्रेझिंगच्या प्रॅक्टिकलच्या आवाक्यातली आहेत. उन्हाळ्याच्या आधी गावातल्या बँडची वाद्यं एक दिवस कॉलेजात आणून दुरुस्त करून दिली तर दोघांचाही फायदा. त्यांचा खर्च वाचेल आणि आपल्याला जॉबपीस सोडून खरी वस्तू हाताळायला मिळेल. आधी मास्तरांकडून नीट शिकून घ्यायचं, ही अट.

तीन, चातुर्मासात बँडवाल्यांचे हात रिकामे असतात आणि आपली नवी टर्म नुकतीच सुरू झालेली असते. त्यांना मानधन देऊन आठवड्यातून दोन संध्याकाळी क्लॅरोनेट, ट्रम्पेट, साइड ड्रमचा वर्ग का काढू नये? आपल्या लष्करानेही १९५० साली पचमढीला संगीताची शाळा काढली. आपल्याला तेवढी मोठी नको. दहा मुलं-मुली पुरेत.

चार, आणि ही सगळ्यात सोपी. दोन-पाच वर्षांत आपल्यातले बरेच जण बोहल्यावर चढणार. बँड लावा, ठरलेले पैसे वरात संपल्याबरोबर घासाघीस न करता द्या, आणि त्यांना पहिल्या पंगतीला सगळ्यांबरोबर बसवा. पाणी विचारा. दिव्यांचं झाड डोक्यावर घेतलेल्या बाईला आधी विचारा.

यात 'परंपरा वाचवा' असा मोठा घोष काही नाही. बँड ही दीडशे वर्षांपूर्वी बाहेरून आलेली, पण आपण घरची करून घेतलेली वस्तू आहे. आपण तिच्यावर नाचलो, आपले आई-बाप तिच्यावर नाचले. ती वाजवण्याची पाळी मात्र आपण कधी घेतली नाही. मास्तर शिकवायला तयार झाले तर साइड ड्रमसाठी पहिलं नाव माझं लिहून घ्या. ट्रम्पेटसाठी नावं हवी आहेत.